लेथचा पट्टा बदलताना

माझ्याकडे अर्ध्या एचपीचा छोटा लाकूड-लेथ आहे, म्हणजे लाकूड फिरवून त्याला गोल आकार द्यायचं यंत्र. कोल्हापुरातच एका कारखान्यात बनवून घेतलेला. त्यावर मी भातुकलीची खेळणी करते: जातं, खलबत्ता, पोळपाट-लाटणं, रवी, बारक्या कपबश्या. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी लाख चढवताना काहीतरी बिनसल्याचं लक्षात आलं. लाख चढते ती घर्षणाच्या उष्णतेने. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की ती वितळून पसरते, मग केवड्याच्या पातीने घासून चकाकी आणायची. यात फिरण्याचा वेग एकसारखा लागतो. इथे कांडी टेकवली की लाकूड मंदावायचं, उचलली की पुन्हा पळायचं, आणि लाख ठिगळाठिगळांनी बसायची. जाड ठोकळा गोल करताना तर पटाशी जरा खोल गेली की लाकूड थांबायचं आणि खाली मोटर मात्र फिरतच राहायची. हेडस्टॉकच्या (लाकूड फिरवणाऱ्या भागाच्या) खाली काळी भुकटी साचली होती आणि रबर तापल्याचा वास येत होता.

मोटरची फिरकी वर नेणारा पट्टाच घसरतोय हे उघड होतं, तरी बेअरिंगबद्दल खात्री करून घेतली, कारण बेअरिंग जड झालं तरी लेथ असाच दमतो. प्लग काढला (या कामात नुसतं बटण बंद करून भागत नाही), मोटर सैल करून पट्टा पुलीवरून उतरवला आणि स्पिंडल, म्हणजे लाकूड फिरवणारा दांडा, हाताने फिरवला. आवाज नाही, खरखर नाही, वर-खाली हलवून पाहिलं तर ढिलाई नाही. म्हणजे बेअरिंग ठीक होती.

मग तो पट्टा हातात घेऊन उजेडात नीट पाहिला. पट्टा बदलायचा म्हटलं की बहुतेकजण जुना ओढून काढतात, नंबर वाचतात आणि नवा आणायला जातात. माझं म्हणणं आहे की आधी दहा मिनिटं जुन्या पट्ट्याला द्यावीत. तो का झिजला हे त्याच्यावरच दिसतं, आणि ते कारण तसंच राहिलं तर नवा पट्टाही त्याच वाटेने जातो.

व्ही पट्टा पकड घेतो ती दोन्ही बाजूंनी. पाचरीसारखा तो खाचेत रुतून बसतो. तळाला टेकणं त्याचं काम नाही. माझा पट्टा लहान पुलीत कडेच्या बराच खाली गेला होता आणि खाचेचा तळ आरशासारखा चकाकत होता. म्हणजे तो तळावर टेकून नुसता घासत होता. आतल्या बाजूला आडव्या चिरा होत्या. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याची एक बाजू गुळगुळीत होती, पण दुसरीवरचं कापड फाटून दोरे बाहेर आले होते. दोन्ही बाजू सारख्या झिजल्या असत्या तर वय झालं म्हटलं असतं. एकच बाजू कुरतडलेली असली तर दोन पुल्या एका रेषेत नाहीत असं समजावं. अशा पट्ट्यावर राळेची पूड टाकून दिवस ढकलायचा सल्लाही मिळतो. त्याने थोडा वेळ पकड येते, पण ती पूड खाचेत साचून थर बनते आणि झीज वाढते. मी ती वापरत नाही.

पट्ट्यावरचा छापील नंबर पुसला होता, फक्त ‘ए’ वाचता येत होता. ए म्हणजे वरची रुंदी १३ मिमी आणि जाडी ८ मिमी. पुढचा आकडा आतल्या लांबीचा, इंचांत. जुना पट्टा दोरीने मोजला तर माप ३३ आणि ३४ च्या मध्ये येत होतं. ताणलेल्या पट्ट्याच्या मापावर मी विसंबत नाही, म्हणून पुल्यांवरून हिशेब केला. दोन शाफ्टच्या मध्यांमधलं अंतर ३२० मिमी (मोटर तिच्या सरकायच्या खाचेच्या मध्यावर ठेवून), पुल्या ५० आणि १०० मिमी. अंतराची दुप्पट ६४०. दोन्ही व्यासांची बेरीज १५०, तिला १.५७ ने गुणून २३५.५. व्यासांतल्या फरकाचा वर्ग भागिले अंतराची चौपट, ते जेमतेम २. एकूण साधारण ८७८ मिमी. ही बाहेरची लांबी. आतली काढायला ५० मिमी वजा केले, कारण जाडी ८ मिमी आणि ८ गुणिले ६.२८ म्हणजे ५०. उरले ८२८ मिमी, साडेबत्तीस इंचांच्या थोडं वर. म्हणून ए ३३.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, पट्ट्यांच्या दुकानात गेले. मालकांनी विचारलं, “ताई, गिरणीचा काय?”

“नाही दादा, लाकडाच्या लेथचा. ए ३३ द्या.”

“३३ बघावा लागंल. ३४ हाय समोरच. एका इंचानं काय हुतंय?”

एका इंचाने मोटर अर्धा इंच खाली सरकवावी लागते. माझ्या मोटरची खाच मध्यापासून तेवढीच खाली जाते; पुढे पट्टा सैल झाला की ताणायला जागाच उरली नसती. हे सांगितल्यावर त्यांनी माळ्यावरून ३३ शोधून काढला आणि पुढचा प्रश्न अगदी नेमका विचारला. “लहान पुली केवढी?”

“दोन इंची.”

“मग दातेरीच न्या बघा. साधा पट्टा तेवढ्या बारक्या पुलीवर तापतोय.”

ते खरंच आहे. दातेरी पट्ट्याला आतून खाचा असल्याने तो लहान वळणावर सहज वळतो आणि कमी तापतो. कड्या जोडून केलेला पट्टाही मिळतो; तो स्पिंडलभोवती उघडून जोडता येतो, म्हणून स्पिंडल हलवावा लागत नाही. पण तो गावोगावी मिळत नाही, आणि पुढच्या वेळी कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळेल असाच पट्टा मला हवा होता.

मोटरच्या पुलीला वेगवेगळ्या व्यासांच्या पायऱ्या आहेत, प्रत्येकीत एक खाच; पट्टा ज्या पायरीवर घालाल तसा वेग बदलतो. घरी येऊन नवा पट्टा आधी त्या एकेका खाचेत दाबून पाहिला, मागे टॉर्च धरून. मोठ्या पायरीत उजेड दिसला नाही. सगळ्यात लहान पायरीत मात्र दोन्ही बाजूंना मधोमध फट दिसली. अॅल्युमिनियमची पुली आतून वाटीसारखी खोल झिजली होती. नेमकी तीच पायरी का, याचं उत्तर हिशेबात आहे. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. ५० मिमीच्या पुलीवरून १०० मिमीवर पट्टा असला की स्पिंडल ७२० वर फिरतो, आणि ओबडधोबड लाकूड गोल करायला मी हाच वेग वापरते. अर्धा एचपी म्हणजे ३७३ वॅट. एवढ्या लहान पुलीवर पट्ट्याचा वेग सेकंदाला पावणेचार मीटरच असतो, म्हणजे तेवढी ताकद न्यायला पट्ट्यावर जवळजवळ १० किलोची ओढ येते. १०० मिमीच्या पायरीवर ती निम्मी होते. शिवाय लहान पुलीला पट्ट्याचा विळखाही कमी. पट्टा घसरतो तो इथेच. पुली तशीच ठेवली असती तर नवा दातेरी पट्टा त्या खड्ड्यात लवकरच गेला असता. म्हणून पुन्हा उद्यमनगर गाठलं आणि तीन पायऱ्यांची बिडाची पुली आणली. जुनी पुलरने काढली, चावी (पुली शाफ्टवर घट्ट धरणारी लोखंडी कांडी) आणि शाफ्ट साफ करून नवी बसवली.

पट्टा घालायचा तर स्पिंडल काढावाच लागणार अशी भीती असते, कारण त्यावरची पुली दोन बेअरिंगच्या मधे असते. माझ्या लेथला प्लमर ब्लॉक, म्हणजे बोल्टने बसवलेली बेअरिंगची घरं, आहेत, आणि त्यात काम बरंच सोपं होतं. मागच्या ब्लॉकच्या पायाभोवती खिळ्याने बारीक रेघ ओढून घेतली. सतरा नंबरच्या पान्याने त्याचे दोनच बोल्ट काढले आणि ब्लॉक बोटभर उचलला. पुढच्या ब्लॉकमधलं बेअरिंग गोलसर बैठकीत बसलेलं असल्याने स्पिंडल एवढा तिरका झालेला चालतो. जुना पट्टा ब्लॉकच्या खालून सरकवून वरून काढला, नवा तसाच उलट आत घेतला. ब्लॉकचे एलन स्क्रू सैल करायची गरजही पडली नाही. ब्लॉकखाली पातळ पत्र्याचं पॅकिंग होतं. ते जिथलं तिथेच परत गेलं पाहिजे, नाहीतर स्पिंडलची उंची बदलते. रेघांवर ब्लॉक बसवून बोल्ट आलटूनपालटून आवळले आणि टेलस्टॉक (लाकडाचं दुसरं टोक धरणारा भाग) पुढे आणून दोन्हीकडच्या सेंटरची, म्हणजे लाकूड धरणाऱ्या अणकुचीदार खुंट्यांची, टोकं एकमेकांना भिडवून पाहिली. टोकाला टोक लागलं.

आता त्या कुरतडलेल्या बाजूचा उलगडा करायचा होता. दोन्ही पुल्यांच्या तोंडांवरून दोरा ताणून धरला. वरच्या पुलीला तो दोन्ही कडांना टेकत होता, खालच्या पुलीची एक कड मात्र दोऱ्यापासून सुटलेली. मोटर ज्या फळीवर बसवली होती ती पावसाळ्यात ओल खाऊन पिळली होती आणि मोटरने मान तिरकी केली होती. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की लाकडी फळीवर मोटर बसवणं मला आता पटतच नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडून ६ मिमी जाडीची लोखंडी पट्टी लांबट भोकं पाडून आणली, तिच्यावर मोटर बसवली आणि दोरा चारही कडांना टेकेपर्यंत सरकवत राहिले. सगळ्या कामात जास्त वेळ यातच गेला.

पट्टा पुलीवर चढवताना स्क्रूड्रायव्हरने कधीही रेटू नये. आतले दोरे तुटतात आणि वरून काही दिसत नाही. मोटर पुरती वर घ्यायची, पट्टा हाताने चढवायचा, मग मोटर खाली ढकलून ताण द्यायचा. ३२ सेंटिमीटरच्या अंतरात मधोमध अंगठ्याने दाबल्यावर ५ मिमीच्या आसपास दबला की पुरे. याहून जास्त ताणला तर दोन्हीकडच्या बेअरिंगवर भार येतो.

अर्धा तास लेथ ७२० वर रिकामाच चालवला. नवा पट्टा एवढ्यातही थोडा बसतो. पुन्हा दाबून पाहिलं तर बराच सैल झाला होता, तो ताणून घेतला. मग शिवणीच्या लाकडाचा ठोकळा लावला आणि मुद्दाम जरा खोल काप घेतला. लाकूड थांबलं नाही, मोटरचा आवाज थोडा जड झाला एवढंच. दुपारी १४४० वर लाल लाख चढवली, खलबत्त्याच्या कडेपासून बुडापर्यंत एकसंध. पंधरवड्याने एकदा आणखी ताण द्यावा लागला, आणि पट्ट्यावरच्या गार्डच्या (झाकणाच्या) आतल्या बाजूला रंगाने ‘ए ३३, दातेरी’ लिहून ठेवलं.