पालथं झोपा, गुरुजी

"साहेब, पोरानं मागून लाथ घातली." खुर्चीत नीट टेकण्याआधीच गुरुजींनी हे सांगून टाकलं. कळंब तालुक्यातल्या एका शाळेवरचे शिक्षक, वय ४७. नऊ दिवसांपूर्वी शाळेच्या मैदानावर खो-खोचा सराव चालू होता, एक गडी कमी पडला म्हणून हे स्वतः चौकोनात बसले. खो मिळाला, उठून झेपावले आणि डाव्या टाचेमागे खाडकन आवाज झाला. मागं वळून पाहिलं तर नववीतला एक मुलगा उभा. त्याला तिथंच दोन चापट्या बसल्या.

आमच्या धाराशिवात खो-खो हा काही सवडीचा खेळ नाही. सारिका काळे इथलीच. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यामुळे घोटे आणि गुडघे घेऊन येणारी पोरं-पोरी मला रोजच्या. खेळाची रचनाच तशी आहे. आठ जण उकिडवे बसलेले, पाठीवर थाप पडली की त्याच क्षणी बसल्या जागेवरून सुसाट सुटायचं. पोटरी ताणलेली असतानाच तिला आखडायला लागतं आणि तो सगळा झटका टाचेमागच्या जाड दोरीवर येतो. आपण तिला नस म्हणतो, पुस्तकात तिचं नाव ॲकिलिस कंडरा.

गुरुजींच्या फाइलमध्ये घोट्याचा एक्स-रे होता, अगदी स्वच्छ. खाली 'लचक' असं निदान, वेदनाशामक गोळ्या आणि क्रेप बँडेज. मधल्या दिवसांत एकानं तेल लावून 'नस बसवून' दिली होती. एक्स-रेत हाड दिसतं. दोरी तुटली का, ते त्यात शोधायचं नसतं.

"चालायला येतंय की, साहेब. पण जोरच येईना. जिना चढताना पाय मागं राहतो."

मी पाऊल खाली दाबायला सांगितलं. त्यांनी दाबून दाखवलं. इथंच फसगत होते. माझीही झाली होती.

शिकाऊ डॉक्टर असताना रात्रपाळीला एक हमाल आला होता. तोही म्हणाला होता, मागून कुणीतरी मारलं. तोही पाऊल दाबू शकत होता. नस तुटली असती तर हे जमलंच नसतं, असं मी ठरवलं आणि कागदावर 'लचक' लिहिलं. पायाची बोटं खाली वळवणारे खोलवरचे स्नायू वेगळे असतात, ते शाबूत असले तर पाऊल थोडं दाबता येतं, हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. तीन महिन्यांनी तो परत आला तेव्हा दोरीची टोकं लांब सरकली होती. ऑपरेशन मोठं झालं आणि पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चढण्याची ताकद त्याच्या पायात पुन्हा आली नाही. त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही. तेव्हापासून टाचेमागचं दुखणं घेऊन आलेला माणूस माझ्याकडे पालथा झोपल्याशिवाय बाहेर जात नाही.

"पालथं झोपा, गुरुजी. पावलं पलंगाबाहेर लोंबू द्या."

उजवी पोटरी मुठीत धरून दाबली, पाऊल टपकन खाली वळलं. डावी दाबली, पाऊल हललं नाही. पुन्हा दाबली, तसंच. मग दोन्ही गुडघे काटकोनात वाकवायला लावले. उजव्या पावलाचा पुढचा भाग वर रोखलेला राहिला, डावं ढिलं पडून सपाट झालं. टाचेच्या वर दोन-तीन बोटांवर दाबलं तर बोट खड्ड्यात गेलं. टाचेपासून साधारण २ ते ६ सेंटिमीटर हाच तो पट्टा, जिथं रक्तपुरवठा कमी आणि तुटण्याचं प्रमाण जास्त. सगळं मिळून दोन मिनिटं लागली. यंत्र लागलं नाही, पैसाही नाही.

"नस पूर्ण तुटलीय," मी सांगितलं. "तुटताना असंच वाटतं, मागून लाथ बसल्यासारखं. आलेला बहुतेक प्रत्येक जण हेच सांगतो."

ते पालथेच होते. मान वळवून त्यांनी विचारलं, "म्हणजे त्या पोरानं मारली नव्हती?"

"कुणीच मारली नव्हती."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग सोबत आलेल्या वहिनी म्हणाल्या, "तो पोरगा तवापासून मैदानावर येईना गेलाय."

एक प्रश्न मला अजून छळत होता. रोज शिट्टी घेऊन पळणाऱ्या माणसाची दोरी अशी का तुटावी? आधी टाच दुखत होती का, असं विचारलं. होती, दोन आठवड्यांपासून, दोन्ही पायांची. त्याआधी काही औषध? वहिनींनी पिशवीतून रिकामं पाकीट काढलं. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दहा दिवस लिव्होफ्लॉक्सॅसिन. या गटातल्या प्रतिजैविकांनी कंडरा कमकुवत होऊन तुटू शकतात आणि त्यात सर्वांत जास्त धोका ॲकिलिसला. अमेरिकेच्या औषध नियामकानं २००८ साली या गोळ्यांच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीत तसा इशारा छापायला लावला. औषध वाईट नाही, कित्येकांचे जीव त्यानं वाचलेत. पण टाच दुखू लागली तर गोळी थांबवा, पळणं बंद करा आणि परत या, एवढं कुणीतरी गुरुजींना सांगायला हवं होतं. हा राग मी त्यांच्यासमोर काढला नाही. उजवी दोरी नीट तपासली. दुखरी होती, पण अखंड.

सोनोग्राफीत पाऊल खाली वळवल्यावर तुटकी टोकं एकमेकांना भिडत होती. आता शस्त्रक्रिया करायची की नाही? नॉर्वेत पाचशेहून अधिक रुग्णांवर झालेला २०२२ चा अभ्यास माझ्या डोक्यात होता. वर्षभरानंतर पायाचं कार्य दोन्ही मार्गांनी सारखंच. शस्त्रक्रियेविना शंभरात सहा जणांची दोरी पुन्हा तुटली, शस्त्रक्रियेनंतर एकाचीही नाही म्हणावं इतक्या कमी जणांची. दुसरीकडे जखम चिघळण्याची आणि मज्जातंतूला इजा होण्याची भीती शस्त्रक्रियेत. गुरुजींना जुना मधुमेह, साखर ताब्यात नाही आणि टाचेमागची कातडी पातळ. मी प्लास्टर निवडलं, पाऊल खाली वळवून. दोन आठवड्यांनी बूट, आत टाचेखाली पाचरी, त्या एकेक करून कमी करायच्या.

खरी लढाई उकिडवं बसण्याशी होती. शौचाला तसं बसलं की जुळत आलेली दोरी ताणून लांब होते आणि लांब दोरीनं जुळलेली पोटरी कायमची दुबळी राहते. "खुर्चीचा कमोड आणा, तीन महिने खाली बसायचं नाही," हे मी तीनदा सांगितलं. पोटरी सुजून दुखली किंवा दम लागला तर रात्री-अपरात्री फोन करा, हेही सांगितलं, कारण प्लास्टरमधल्या पायात रक्ताची गाठ होऊ शकते.

तिसऱ्या फेरीला गुरुजींच्या कुबड्यांशेजारी एक सडपातळ मुलगा होता, हातात एक्स-रेची पिशवी. कोण, हे मी विचारलं नाही. त्यानंतर प्रत्येक वेळी तो आला.

सातव्या महिन्यात एका पायावर टाच उचलण्याची परीक्षा घेतली. भिंतीला दोन बोटं टेकवून गुरुजी उभे राहिले. मोजायचं काम त्या मुलानं स्वतःहून घेतलं. उजव्या पायावर बावीस. डाव्यावर एक, दोन, तीन. चौथ्याला टाच अर्ध्यातच राहिली.

"अर्धी धरायची नाही, सर," मुलगा म्हणाला. "परत."