आठवडा पाचवा: एक ओळ बदलली आणि गाणं उलटलं

मनगट आता बरं आहे. गिटारवर ‘आय फॉट द लॉ’ हे गाणं एकदाचं न थांबता पूर्ण होतंय. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला १३५ च्या वर नेला की सगळं डाउनस्ट्रोकवर, म्हणजे तारा फक्त वरून खाली छेडत, वाजवायचा हट्ट अंगाशी येतो, हात आखडतो. वाजवण्याचं एवढंच.

बाकी आठवडा शब्दांत गेला. गाणं मुळात पंक नाहीच. सनी कर्टिसनं १९५८ मध्ये लिहिलं, बॉबी फुलर फोर या बँडनं गाजवलं, १९७९ मध्ये द क्लॅश या पंक बँडनं त्याला धार लावली. पिस्तूल दाखवून लुटणारा एक जण पकडला जातो, उन्हात दगड फोडतो. कायद्याशी भिडला आणि कायदा जिंकला. मी बंडखोरीचं गाणं म्हणून शिकायला घेतलं होतं. बंडखोर कसला, भुरटा चोर! हळहळतो तो सुटलेल्या प्रेयसीसाठी. लुटलेल्यांबद्दल चकार शब्द नाही.

मग डेड केनेडीज या दुसऱ्या पंक बँडनं केलेलं ऐकलं. चाल तीच, पण ‘मी’ म्हणजे डॅन व्हाइट, सॅन फ्रान्सिस्कोचा माजी पोलीस, माजी नगरसेवक. २७ नोव्हेंबर १९७८ ला त्यानं सिटी हॉलमध्ये महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि नगरसेवक हार्वी मिल्क यांना गोळ्या घातल्या. ज्यूरीनं खून नव्हे, सदोष मनुष्यवध धरला. शिक्षा सात वर्षं आठ महिने. पाचेक वर्षांत बाहेर. म्हणून या गाण्यात ‘मी’ जिंकतो. कायदा त्याच्या घरचाच.

आई दारात येऊन म्हणाली, “काय रे बडवतोयस दोन तास?” सांगितलं. म्हणाली, “म्हणजे आडा बाजाराच्या उलटं.”

इंदूरबाहेरच्यांसाठी: मुलाच्या रथाखाली वासरू मेलं म्हणून अहिल्याबाई त्यालाच रथाखाली घालायला निघाल्या आणि गाय आडवी आली, अशी राजवाड्याजवळच्या त्या बाजाराच्या नावाची आख्यायिका.

“तिकडे कोण आडवं आलं?”

“ज्यूरी.”

“पण गाय वासराची आई होती,” आई म्हणाली आणि कुकर बंद करायला गेली.

तिकडे ज्यांची माणसं गेली, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. २१ मे १९७९ ला निकाल लागला, त्याच रात्री सिटी हॉलपुढे पोलिसांच्या गाड्या जळाल्या.

काल दोन्ही रेकॉर्ड केली. दुसऱ्यात ‘मी जिंकलो’ म्हणताना आवाज दर वेळी खाली जातो. तिथे ओरडायला हवं. पाच टेक झाले, एकही जमला नाही.