चांगल्यातला डिटेक्टर घेतला की झालं ना?

क्वांटम कम्युनिकेशनच्या, म्हणजे अगदी मंद उजेडातून संदेश पाठवण्याच्या लॅबमध्ये आहे असं सांगितलं की हा प्रश्न येतोच. परवा लग्नाच्या पंगतीत बँकेतून रिटायर झालेल्या एका काकांनीही विचारला. तिथे वरणभात गार होण्याआधी सांगून होण्यासारखं नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून काका, आता निवांत सांगते.

नाही. डिटेक्टर म्हणजे आलेला उजेड टिपणारं यंत्र. कितीही महागडा आणा, संदेश ओळखताना चुका होणारच.

आम्ही लेसरचा उजेड इतका मंद करतो की एका स्पंदात, म्हणजे उजेडाच्या एका छोट्या झोतात, सरासरी अर्धा फोटॉन, म्हणजे उजेडाचा अर्धा कण. म्हणजे कधीतरी एक सापडतो, बहुतेक वेळा काहीच नाही. संदेशातल्या 0 साठी एक स्पंद, 1 साठी दुसरा. तेज सारखंच, फक्त एका लहरीचा उंचवटा असतो तिथे दुसरीचा खळगा. एवढ्या मंद उजेडात ही दोन रूपं पुरती वेगळी नसतातच. हेलस्ट्रॉम यांच्या गणिताप्रमाणे निर्दोष यंत्रसुद्धा 100 त साडेतीन वेळा चुकणार. लहर मोजायची नेहमीची पद्धत, होमोडाइन, जवळजवळ आठ वेळा चुकते.

1973 मध्ये केनेडी यांनी सुचवलेली युक्ती मला फार आवडते. आलेल्या स्पंदात आपला उजेड असा मिसळायचा की दोघांपैकी एक पूर्ण विझेल. दुसरा मात्र वाढतो, सरासरी दोन फोटॉनांचा होतो. डिटेक्टरने फोटॉन टिपल्याची टिक आली तर दुसरा, शांतता असेल तर पहिला. पण सरासरी दोन असूनही, दुसरा स्पंद 100 वेळा आला तर त्यातल्या 13-14 वेळा एकही फोटॉन येत नाही, आणि तिथे आपण फसतो. डोलिनार यांनी त्याच वर्षी पुढची पायरी सांगितली: प्रत्येक टिकेसरशी मिसळायचा उजेड बदलत राहायचा. तत्त्वतः ही रीत थेट हेलस्ट्रॉमच्या आकड्याला टेकते. ती प्रत्यक्ष करून दाखवायला 2007 उजाडलं.

विझवणं कागदावरच सोपं. आमचा 'विझलेला' स्पंद एकदा अख्खी दुपार टिकटिकत होता. आरसे हलवून झाले, एसी बंद करून झाला. शेवटी सापडला पॉवर सप्लायवरचा हिरवा एलईडी! आता टेबलावरच्या प्रत्येक दिव्याला काळी चिकटपट्टी आहे.

आणि खरं तर ही अडचण आम्हाला हवीच असते. वाटेत कान लावणाऱ्यालाही स्पंद नीट ओळखता येत नाहीत, आणि चाचपडताना तो मागे चुका सोडून जातो. 1984 मध्ये बेनेट आणि ब्रासार्ड यांनी संदेश कुलूपबंद करायची गुप्त किल्ली पाठवायची रीत याच अडचणीवर उभी केली.

नवा डिटेक्टर मागितलाय, काका. अर्जात 'चुका शून्य होतील' असं मात्र लिहिलेलं नाही.