रीड परत येईना: स्यूडोटर्मिनलपायी गेलेले अडीच दिवस

ऑफिसात मशीन तपासायचा एक जुना प्रोग्राम आहे. त्याचं आउटपुट ओळीओळीने लॉगमध्ये हवं होतं. पाइप (एकाचं आउटपुट दुसऱ्या प्रोग्रामला देणारी नळी) लावला तर बराच वेळ शुकशुकाट, मग एकदम 4096 बाइट्सचा गठ्ठा. पलीकडे टर्मिनल नसेल तर प्रिंटएफ (सी भाषेतलं छापायचं फंक्शन) बफर भरेपर्यंत तोंड उघडत नाही. सोर्स कोड कुणाकडेच नाही, त्यात बायनरी स्टॅटिक (लायब्ररी आतच जोडलेली), त्यामुळे बफरिंग बदलणारं स्टडबफही चालेना. मग त्याला खोटं टर्मिनल, म्हणजे स्यूडोटर्मिनल दाखवायचं ठरवलं. त्याला दोन टोकं: मास्टर माझ्याकडे, स्लेव्ह त्या प्रोग्रामकडे.

पोझिक्स_ओपनपीटी, ग्रँटपीटी, अनलॉकपीटी, पीटीएसनेम हे कॉल करून मास्टर तयार, मग स्लेव्ह उघडून फोर्क: माझी प्रोसेस पेरेंट, जुना प्रोग्राम चालवणारी तिची प्रत चाइल्ड. तासाभरात ओळी टपाटप यायला लागल्या. खुशीत चहाला गेलो.

परत येऊन बघतो तर शेवटची ओळ कधीच आलेली, पण माझा प्रोग्राम ढिम्म. पीएसमध्ये (प्रोसेसच्या यादीत) चाइल्ड डिफंक्ट दिसतोय, म्हणजे तो मेलाय आणि मी अजून त्याच्या बोलण्याची वाट बघतोय. एसट्रेस (सिस्टिम कॉल दाखवणारं टूल) लावला तर कर्सर ‘रीड(3,’ वर लुकलुकत बसलेला. दोन दिवस मी त्या जुन्या प्रोग्रामला शिव्या घातल्या. मग कर्नलला. टाइमआउट टाकून प्रकरण दडपायचाही विचार केला.

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, “अरे, दुसरं टोक कोण धरून बसलंय ते बघ ना.” माझ्याच प्रोसेसच्या /प्रोक/…/एफडीमध्ये (उघड्या फाइल्सच्या क्रमांकांची यादी) एलएस केलं: 3 म्हणजे पीटीएमएक्स, म्हणजे मास्टर, ते ठीक. खाली 4, /डेव्ह/पीटीएस/5. स्लेव्ह! ड्यूप2 (स्लेव्ह इनपुट-आउटपुटला जोडणारा कॉल) झाल्यावर चाइल्डमध्ये तो इमानाने बंद केला होता, पेरेंटमध्ये विसरलो होतो. मीच मला अडवून धरलं होतं.

क्लोज(4) टाकलं आणि नवीनच तमाशा. रीडने -1 दिलं, एररनो 5, ‘इनपुट/आउटपुट एरर’. डिस्क गेली की काय म्हणून डीमेसेज (कर्नलचा लॉग) चाळण्यात आणखी अर्धा दिवस. पाइप संपला की रीडला शून्य मिळतं. पण लिनक्सवर सगळे स्लेव्ह बंद झाले की मास्टरला ईआयओ (हाच एरर 5) मिळतो, आणि इथे तोच शेवट समजायचा. चाइल्डने मागे एखादी बॅकग्राउंड प्रोसेस सोडली असेल तर तिच्याकडेही स्लेव्ह उघडा राहतो आणि रीड पुन्हा लटकतं.

हो, _एक्सओपन_सोर्स 600 हे डिफाइन सगळ्या इनक्लूडच्या वर टाका. नाहीतर जुना जीसीसी (सी कंपायलर) पीटीएसनेम इंट देतं असं धरून चालतो, 64 बिटवर पॉइंटर अर्धा कापला जातो आणि थेट सेगफॉल्ट. चाइल्डमध्ये सेटसिड (नवं सेशन) आणि त्यानंतर टीआयओसीएससीटीटीवाय (स्लेव्हला त्या सेशनचं कंट्रोलिंग टर्मिनल करणं) हवंच. ते नसेल तर मास्टरवर 3 हा बाइट लिहूनही कंट्रोल-सी लागू होत नाही.

फोर्कपीटीने हे सगळं एका कॉलमध्ये केलं असतं, पेरेंटमधला स्लेव्ह बंद करण्यासकट. जीलिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) 2.34 पासून त्याला वेगळी लायब्ररी (-एलयुटिल) जोडावीही लागत नाही. पण हाताने करायची खुमखुमी होती ना!

आता लॉगच्या प्रत्येक ओळीशेवटी जास्तीचा ^एम (कॅरेज रिटर्न) येतोय. ओएनएलसीआर (ओळ संपताना तो घालणारं टर्मिनलचं सेटिंग) बंद करायचं राहिलंय, सोमवारी बघतो.