तुम्ही विचारलंत म्हणून: अंगठ्याजवळचं हाड घासून टाकता येईल का?

“डॉक्टर, हे वाढलेलं हाड तेवढं घासून टाका, म्हणजे चप्पल तरी चावणार नाही,” हे वाक्य हाडांचा शल्यचिकित्सक म्हणून मी इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. विचारणाऱ्या बहुतेक स्त्रिया असतात. त्या चप्पल काढून पाऊल पुढे करतात आणि अंगठ्याच्या मुळाशी, पावलाच्या आतल्या कडेला आलेल्या लालसर उंचवट्यावर बोट ठेवतात.

हे हाड सहसा वाढलेले नसते. ते जागचे हललेले असते. अंगठ्यामागे, पावलाच्या आत, पाच लांब हाडांपैकी पहिले हाड असते. पाचांमध्ये ते सर्वांत आखूड आणि सर्वांत जाड असते, कारण चालताना टाच उचलली की शरीराचा बराचसा भार त्याच्या पुढच्या टोकावर येतो. हे हाड मुळाशी सैल होऊन दुसऱ्या पावलाच्या दिशेने कलू लागले की अंगठा उलट बाजूला, शेजारच्या बोटाकडे झुकतो आणि त्या दोघांचा जो कोन होतो त्याचे टोक आपल्याला गाठीसारखे दिसते. या हाडाच्या टोकाला एकही स्नायू थेट चिकटलेला नसतो. सगळे स्नायुबंध त्याला ओलांडून अंगठ्यात जातात. त्यामुळे एकदा कल सुरू झाला की तेच स्नायुबंध धनुष्याच्या दोरीसारखे ताणले जाऊन तो कल वाढवत राहतात. टोकाखाली चिंचोक्याएवढी दोन छोटी हाडे असतात, ज्यांचे ग्रीक नाव तिळावरून पडले आहे. ती आपल्या जागी राहतात आणि वरचे हाड त्यांच्यावरून घसरते. एक्स-रेमध्ये हे पाहिल्यावर नुसत्या घासण्याने काय साधणार, हा प्रश्न रुग्णाच्याच मनात येतो.

मात्र तो एक्स-रे उभे राहून काढलेला हवा. अनेकजण झोपवून काढलेली फिल्म घेऊन येतात. तिच्यात पावलावर भार नसल्यामुळे विकृती प्रत्यक्षाहून सौम्य दिसते. पहिल्या आणि दुसऱ्या लांब हाडांमधला कोन साधारण ९ अंशांच्या आत असावा लागतो, आणि कोणती शस्त्रक्रिया करायची हे बऱ्याच अंशी त्या कोनावर ठरते.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका शिक्षिकेच्या आग्रहावरून मी फक्त उंचवटा घासून दिला होता. जखम छान भरली आणि त्या आनंदाने घरी गेल्या. तीन वर्षांनी त्या परत आल्या तेव्हा अंगठा शेजारच्या बोटावर चढू लागला होता. ती चूक माझी होती, आणि तेव्हापासून मी समजावण्यात वेळ घालवतो.

कल थोडा असेल तर हाडाच्या पुढच्या टोकाजवळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा छेद घेऊन टोक करंगळीच्या बाजूला सरकवतात आणि स्क्रूने पक्के करतात. कल मध्यम असेल तर हाडाच्या लांबीतून झेडसारखा छेद घेतात; सुतार दोन वासे ज्या खाचेने सांधतात, तिच्यावरूनच त्याचे नाव पडले आहे. कल फार असेल किंवा मुळाचा सांधाच ढिला असेल, तर तो सांधा कायमचा जोडून टाकावा लागतो. न्यूयॉर्कच्या पॉल लॅपिडस यांनी १९३४ साली मांडलेली ही पद्धत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्या शिक्षिकांवर मी पुढे हीच शस्त्रक्रिया केली. यातल्या कोणत्याही पद्धतीत हाड नको तितके आखूड झाले किंवा वर उचलले गेले, तर भार दुसऱ्या बोटाखाली सरकतो आणि तिथे घट्टा पडून नवे दुखणे सुरू होते. अंगठा ताठर होणे, कडेची त्वचा बधिर राहणे आणि विकृती पुन्हा येणे हे धोकेही खरे आहेत. म्हणून केवळ दिसायला बरे नाही या कारणासाठी मी शस्त्रक्रिया करत नाही. दुखणे हेच तिचे कारण असले पाहिजे.

मधुमेह असेल तर आधी पावलाचा रक्तपुरवठा आणि संवेदना तपासतो. तंबाखू आणि मशेरीबद्दल मी स्पष्ट विचारतो, कारण निकोटिनमुळे हाड जुळायला उशीर लागतो, आणि “मी तंबाखू खात नाही” म्हणणाऱ्या आजी रोज मशेरी लावत असतात.

दोष फक्त पादत्राणांचा नाही. आई आणि मुलीची पावले शेजारी ठेवली की वारसा दिसतो. तरीही १९५८ साली हाँगकाँगमध्ये केलेल्या एका पाहणीत बूट वापरणाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्के लोकांत ही विकृती आढळली, तर अनवाणी राहणाऱ्यांत २ टक्क्यांहूनही कमी. मी रुग्णाला वर्तमानपत्रावर उभे करून पावलाची रेघ पेन्सिलीने काढतो आणि तिच्यावर त्यांचाच बूट ठेवतो. अंगठ्याच्या बाजूने रेघ बोटभर बाहेर आलेली दिसली की वेगळे काही सांगावे लागत नाही. रुंद पुढा आणि सपाट तळ असलेल्या पादत्राणांनी कित्येकांचे दुखणे सुसह्य होते, हाड मात्र त्याने जागेवर येत नाही.

तिथली प्रत्येक गाठ हीच नसते. एका रात्रीत सांधा लालभडक होऊन चादरीचा स्पर्शही सोसत नसेल, तर युरिक ॲसिडचा विचार आधी करावा लागतो आणि त्यावर औषध असते. अंगठा सरळ असूनही वर वळत नसेल आणि उकिडवे बसताना कळ येत असेल, तर तो सांध्याच्या झिजेचा वेगळा आजार आहे.

“मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलंय, त्याआधी उरकून घेऊ का?” हाही प्रश्न असतो. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे खास चप्पल घालून टाचेवर भार देत चालावे लागते, आणि सूज पुढे चार-सहा महिने रेंगाळते. नव्या चपलांत पाऊल मावणार नाही, आणि मांडवात दिवसभर उभे राहणे त्या पावलाला झेपणार नाही. म्हणून मी त्यांना कार्य आटोपून यायला सांगतो, आणि येताना उभ्याने काढलेला एक्स-रे आणायला सांगतो.