तुम्ही विचारलंत म्हणून: स्टेनलेसला ‘हळू’ म्हणजे किती हळू?

‘स्टेनलेसला ड्रिल हळू मारा म्हणता, आणि हात थांबवू नका असंही म्हणता. मग नक्की करायचं काय?’ लेथवर नव्याने उभी राहणारी मुलं मला हे हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. हळू फिरायचं ते जॉबने, म्हणजे लेथवर धरलेल्या तुकड्याने. फीड, म्हणजे ड्रिल पुढे सरकवणं, मात्र दमदार हवं.

304 सारखं स्टेनलेस घासलं की कडक होतं. शिकत होतो तेव्हा ड्रिल मोडेल या धास्तीने मी अगदी जपून, थोडं थोडं दाबत होतो. ड्रिल किंचाळायला लागलं आणि चिप, म्हणजे कापलेला कीस, यायचीच थांबली. बाहेर काढून पाहिलं तर भोकाच्या तळाला आरशासारखी चकाकी, आणि ड्रिलचे कोपरे निळे पडलेले. दुसरं, नव्या धारेचं ड्रिल लावलं, तेही त्याच चकाकीवर गेलं. तो थर मीच घासून घासून तयार केला होता.

आता आकड्यांत सांगतो. भोक 20 मिमी एच7 मध्ये (एच7 म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाची ठरलेली मर्यादा) बोअर करायचं आहे, म्हणजे ड्रिलनंतर आतून टूलने कापत अचूक मापाला आणायचं आहे, म्हणून ड्रिल 18.5 चं घेतलं. हायस्पीड किंवा कोबाल्ट ड्रिलला धारेपाशी मिनिटाला 12 मीटरच्या आसपास वेग धरला तर जॉब धरणारं चक मिनिटाला साधारण 200 फेऱ्यांवर येतं. स्टेनलेसमधून उष्णता साध्या पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश वाहते, ती धारेपाशीच साठते, म्हणून हा वेग. पण दर फेरीला 0.2 मिमी फीड हवाच, म्हणजे मिनिटाला 40 मिमी. टेलस्टॉकच्या (लेथच्या मागच्या टोकाचा, ड्रिल धरणारा भाग) चाकाच्या एका फेरीत ड्रिल 5 मिमी सरकत असेल, तर ती फेरी साडेसात सेकंदांत पूर्ण व्हायला हवी. घड्याळ समोर ठेवून एकदा फिरवून बघा. आपण भीतीपोटी किती मागे राहतो ते तिथेच कळतं.

नजर चिपवर ठेवा. दोन्ही खाचांतून सारख्या जाडीची चिप येत असेल तर ड्रिलची धार बरोबर आहे. एकाच बाजूने येत असेल तर ड्रिल काढा आणि त्याला पुन्हा धार लावा, नाहीतर भोक मोठं आणि तिरकं जाणार. खोल भोकात चिप काढायला ड्रिल मागे घ्यावंच लागतं. तेव्हा झटकन मागे, कुलंट (गार करणारा द्रव) आत, झटकन पुढे, आणि टेकलं की लगेच कापायला लागलं पाहिजे. तळाला नुसतं टेकवून उभं राहू नका. पायलट (आधीचं लहान भोक) मारायचाच तर एकच. पाच ड्रिलं चढत्या क्रमाने मारली तर प्रत्येक ड्रिल पुढच्यासाठी कडक साल मागे ठेवतं.

बोरिंगला हे सगळं का लागतं? भोक तिरकं असेल तर एका बाजूला कट जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. बार (बोरिंगचं टूल धरणारा दांडा) तेवढा वाकतो आणि ड्रिलची चूक बोअरमध्ये उतरते. शिवाय पहिला कट त्या कडक सालीच्या खालून गेला पाहिजे. म्हणून दर बाजूला 0.75 मिमी राखायचे: पहिला कट 0.45, मग 0.15 चे दोन, त्याच टूलने, त्याच फीडवर. मधल्या कटनंतर मोजलं की बार किती दबतो ते कळतं, आणि शेवटचा कट तेवढा सुधारून घेता येतो. 0.02 चा शेवटचा कट ही नसती हौस. तो कापत नाही, घासतो.

आणि मोजताना जॉब गार हवा. स्टेनलेस बरंच फुगतं. नेहमीपेक्षा 30 अंशांनी जास्त गरम असताना 20 मिमीचं भोक सुमारे 10 मायक्रॉन मोठं दिसतं, आणि एच7 ची सगळी मोकळीक 21 मायक्रॉनची. मी शेवटच्या कटआधी मशीन बंद करतो, कुलंट सोडतो, जॉबला हाताचा मागचा भाग लावून बघतो आणि गार लागला की मगच गेज आत घालतो.