पाणी उतरलंय का बागेत?

वारी म्हटलं की आषाढ आणि पंढरपूर, हे समीकरण एवढं घट्ट बसलंय की पुण्याकडच्या पाहुण्यांना आमची पौषातली वारी दरवेळी नव्याने समजावून सांगावी लागते. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. त्याआधीचे काही दिवस निफाड, येवला, सिन्नर, दिंडोरी, पार नगरकडच्याही दिंड्या नाशिक शहरातून जातात. ऑफिसला निघालेले लोक गाडीवर बसूनच हात जोडतात, सिग्नल हिरवा झाला की निघून जातात. इतकी वर्षं मीही त्यातलीच होते. यंदा मामाच्या गावच्या दिंडीत चालले.

गाव चांदोरीच्या बाजूचं, गोदाकाठचं. दिंडीचे वीणेकरी म्हणजे माझे थोरले मामा. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं, म्हणून मीही नानाच म्हणते. शिक्षण चौथीपर्यंत. आयुष्य द्राक्षात गेलं. बोलणं कमी, आणि जे बोलतात त्यातलं निम्मं प्रश्नच असतात. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, म्हणजे पोरांच्या हुशारीला मार्क देणं हा माझा धंदा. हुशारी ओळखता येते असं मला वाटतं. शहाणपण कसं ओळखायचं, याचा अभ्यासक्रम कुठेच नाही.

पहिला मुक्काम ओढा गावाच्या अलीकडे, एका बागायतदाराच्या पॅकिंग शेडमध्ये होता. थंडी निफाडची. आमच्याकडे थंडी अंगाला कळायच्या आधी पेपरात कळते, कारण कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा रोज छापून येतो. हरिपाठ झाला, पिठलं-भाकरी झाली, मग बुवांनी भजन लावलं. आमचे बुवा पाठांतराला जबरदस्त. ज्ञानेश्वरीतली ओवी अर्धी म्हणा, पुढची अर्धी ते डोळे मिटून पुरी करतात. त्या रात्री त्यांनी सावता माळ्यांचा 'कांदा मुळा भाजी' असा रंगवला की म्हाताऱ्या बायाही उठून पावली खेळल्या.

अंथरुणं पडली आणि दिंडीतल्या एका पोराचा फोन वाजला. वय असेल पंचविशीचं. यंदा पताका त्याच्या खांद्यावर होती. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याने नवस बोलला होता, बरी झाली की त्र्यंबकला चालत जाईन. फोन वडिलांचा. पारा झपाट्याने उतरतोय, बागेत धूर करावा लागणार, आणि वडील एकटे. पोरगं बसल्या जागी गोरंमोरं झालं.

बुवा म्हणाले, "संकल्प अर्ध्यात मोडू नये, माऊली. परीक्षा बघतात नाथ." त्यावर त्यांनी दोन दाखलेही दिले. दोन्ही चांगले होते.

नाना वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देत होते. वीणा खाली ठेवायची नाही, देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एकमेकांच्या पाया पडून ती हातोहात द्यायची, अशी आमच्यात रीत. ते सगळं सावकाश झाल्यावर नाना पोरापाशी येऊन बसले.

"पाणी उतरलंय का बागेत?"

"परवापासून उतरायला लागलंय, नाना."

"पंपाची लाईट दिवसाची का रात्रीची?"

"या आठवड्यात रात्रीची."

"आबाचा गुडघा?"

"तसाच आहे."

"मग तू इथं काय करतोय?"

पोरगं म्हणालं, "पण नवस..." नानांनी त्याच्या उशाची पताका उचलली आणि स्वतःच्या वळकटीला टेकवून ठेवली. "ही जाईल चालत. तू ऊठ." बुवा काही बोलणार तेवढ्यात नाना त्यांच्याकडे वळून म्हणाले, "बुवा, मघाशी सावता महाराजांचं काय म्हटलंत तुम्ही? परत म्हणा बरं." बुवांनी ते परत म्हटलं नाही. कुणाची तरी मोटरसायकल गावाकडून मागवली गेली.

द्राक्ष न लावणाऱ्यांसाठी सांगते. मण्यात पाणी उतरतं म्हणजे मणी नरम पडायला लागतो, त्यात साखर भरायला लागते. नेमक्या त्या अवस्थेत कडाक्याची थंडी पडली की मण्यांना तडे जातात, आणि तडा गेलेला माल व्यापारी उचलत नाही. म्हणून रात्रभर शेकोट्या पेटवून बागेत धूर कोंडायचा, पहाटे ठिबकने पाणी सोडून मुळाशी ऊब ठेवायची. ऑक्टोबरच्या छाटणीपासून घातलेला सगळा पैसा त्या एका रात्रीवर उभा असतो. पाणी उतरलं नसतं, तर पोराने तिथेच झोपायला हरकत नव्हती. म्हणजे नानांचा पहिला प्रश्न म्हणजे कळवळ्याने केलेली विचारपूस नव्हती. अख्खा निर्णय त्या उत्तरावर ठरणार होता.

तेवढ्यावर मी नानांना मोठ्या मनाचे, सूट देणारे म्हणून मोकळी झाले असते. पण पंचवटीचा मुक्काम आटोपून, रामकुंडावर हात-पाय धुऊन आम्ही त्र्यंबक नाक्यावरून सातपूरकडे निघालो, आणि तिथे दुसरा एक गडी गळ घालू लागला. त्याचं किराण्याचं दुकान. "नाना, त्या पोराला सोडलंत, मलाही सोडा. दुकान बंद आहे, नुकसान होतंय. रिक्षाने परत जातो, एकादशीला गाडीने येतो दर्शनाला."

मला वाटलं, आता नाना काय करणार? एकाला हो म्हटलं की दुसऱ्याला नाही कसं म्हणायचं? वर्गात हजेरीच्या सवलती देताना माझी नेमकी हीच पंचाईत होते, आणि मग मी नियम दाखवून सुटते.

नाना म्हणाले, "बूट काढ."

"अं?"

"काढ तर खरा."

टाचेला रुपयाएवढा फोड आला होता. मामीने पिशवीतून सुई-दोरा काढला, सुई काडीच्या जाळावर धरली, फोडातून दोरा आरपार ओवून दोन्ही बाजूंनी तसाच ठेवला म्हणजे पाणी झिरपून जातं, आणि वर हळद-तेल लावलं. डॉक्टर मंडळी या प्रकाराला नाकं मुरडतात आणि त्यांचं बरोबरही असेल, पण दिंडीत हे सर्रास चालतं. नाना तोवर शेजारी उभे. "किल्ली भावाकडं आहे ना? उघडील तो. तू माझ्यासंगं हळू चाल." आणि खरोखर अख्ख्या दिंडीचा वेग त्यांनी उतरवला. टाळकऱ्यांना मोठी चाल लावायला सांगितली, पावलं आपोआप सावकाश पडायला लागली. कुणासाठी थांबलोय असं कुणाला जाणवलंही नाही. त्या माणसाने पुन्हा दुकानाचं नाव काढलं नाही.

एकाला जा, एकाला चाल. वरून बघितलं तर पक्षपात. यातून नियम काढ म्हणून मला कुणी बसवलं असतं तर मी हरले असते.

महिरावणीच्या पुढे रस्ता जरा मोकळा होतो. तिथे मी बुवांच्या बरोबरीने चालत होते. बुवांवर मी वर जरा अन्याय केलाय. माणूस कोता नाही. मी विचारलं म्हणून त्यांनी तेरावा अध्याय उलगडायला घेतला आणि चालता चालता मला जे ऐकायला मिळालं ते कुठल्या व्याख्यानात मिळालं नसतं. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञान म्हणजे काय हे सांगताना काय काय ठाऊक असावं याची यादी नाही. माणूस कसा वागतो याची यादी आहे, आणि तिची सुरुवात अमानित्वापासून, म्हणजे मान नको असण्यापासून. ज्ञानेश्वरांनी त्या काही श्लोकांवर ओव्यांच्या राशी घातल्या. ज्ञानी माणूस कसा असतो? 'चातुर्य लपवी । महत्त्व हारवी । पिसेपण मिरवी । आवडोनि ॥' आणि तो चालतो कसा? भुंगा कमळावर पाय ठेवताना केसर चुरगळेल की काय अशा शंकेने हळुवार ठेवतो, तसा. 'कारुण्यामाजीं पाउलें । लपवूनि चाले' हे बुवांनी म्हटलं तेव्हा मी पुढे पाहिलं. फोडवाल्याच्या शेजारून नाना चालले होते, त्यांचीही पावलं त्याच्याएवढीच तोकडी पडत होती.

मग पाठांतर फुकट का? मला नाही वाटत. नानांना स्वतःला वाचन जड जातं, पण तेरावा अध्याय त्यांनी गावच्या पारायणात वर्षानुवर्षं ऐकलाय, त्यातला बराचसा बुवांच्याच तोंडून. एकाच विहिरीचं पाणी दोघे प्यायलेत. फरक कुठे पडला, हे मला कळेना, म्हणून मी अंजनेरीच्या फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा सरळ नानांनाच विचारलं, "तुम्हाला कसं कळतं, कुणाला काय सांगायचं ते?"

"विचारायचं."

"एवढंच?"

बशीत चहा ओतत ते म्हणाले, "फयानच्या साली नव्हतो विचारत."

२००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाने पाऊस आणला आणि आमच्या भागातल्या बागा झोडपल्या. धाकट्या मामांनी त्या वर्षी छाटणी थोडी मागे-पुढे करू, सगळी बाग एकाच तारखेला नको, असं सुचवलं होतं. नानांनी धाकट्याचं ऐकलं नाही. सगळी बाग एकदम फुलोऱ्यात सापडली आणि घड गळून गेले. हे सगळं ते मामांच्या देखत सांगत होते, मामांचं नाव घेऊन, आणि मामा शेजारी खारी बुडवून खात होते.

फयान काही एकट्या नानांवर आलं नव्हतं. अख्खा तालुका भिजला. त्यातले कितीतरी जण आजही सरकारला, हवामान खात्याला, नशिबाला शिव्या देतात, आणि त्यांच्या शिव्या चुकीच्याही नाहीत. पण अनुभवाने माणूस शहाणा होतो हे जे आपण येता-जाता म्हणतो, ते एवढं सरळ असतं तर आमच्या तालुक्यात शहाण्यांचं पीक आलं असतं. वारकऱ्यांना हे जुनंच माहीत आहे. चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पत्र धाडलं ते कोरं, आणि चिमुरडी मुक्ताई म्हणाली, एवढी वर्षं जगून हा कोराच राहिला. तीच मुक्ताई, दादा रुसून दार लावून बसल्यावर 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा' म्हणून त्याला समजावते. घरातल्या सगळ्यात लहान पोरीने सांगायचं आणि ज्ञानेश्वरांनी दार उघडायचं, ही गोष्ट आपण गोड म्हणून ऐकतो. माझ्या मते ती गोड कमी आणि अवघड जास्त आहे. तुम्ही कधी धाकट्या बहिणीचं ऐकून दार उघडलंय?

दिंडीत याची सवय मोडूनमाडून लावली जाते. नावं, आडनावं, हुद्दे गळतात, सगळेच माऊली. कीर्तन झालं की सासूने सुनेच्या आणि सरपंचाने गुराख्याच्या पाया पडायचं. मी पहिल्या दिवशी वाकले ती नुसती कंबरेतून. एका म्हातारीने हसून माझा खांदा धरून मला पुरती खाली नेली. आपण ज्याच्या पायाला हात लावलाय त्याने दुसऱ्या दिवशी आपली चूक दाखवली तर ती तितकी बोचत नाही, एवढं मात्र चार पावलं चालून मला उमगलं. वर्षानुवर्षं चालूनही गरम पाण्याच्या बादलीवरून भांडणारे दिंडीत असतातच. औषध आहे म्हणून ते सगळ्यांना लागू पडेलच असं नाही.

पेगलवाडीच्या पुढे ब्रह्मगिरी पुरता समोर येतो. विठ्ठलपंत कुटुंबासह याच डोंगराची प्रदक्षिणा करत असताना वाघ आडवा आला, पळापळीत निवृत्ती वाट चुकला आणि गहिनीनाथांच्या गुहेत पोचला, अशी कथा. रूढ सनावळीप्रमाणे निवृत्तिनाथ १२७३ चे, ज्ञानेश्वर १२७५ चे. दोन वर्षांनी मोठ्या भावाला गुरू मानणं सोपं नसणार, आणि धाकट्याची प्रतिभा आपल्यापेक्षा मोठी आहे हे दिसत असताना त्याचा गुरू होणं त्याहून कठीण. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पुरी झाल्यावर निवृत्तिनाथांनीच सांगितलं म्हणतात, की टीका झाली, आता तुझ्या स्वतःच्या अनुभवाचं लिही. त्यातून अमृतानुभव आला. निवृत्तिनाथांचे स्वतःचे अभंग आहेत, पण ते किती जणांना पाठ आहेत? १२९७ मध्ये त्यांनी त्र्यंबकला समाधी घेतली, आणि त्या समाधीकडे दरवर्षी लाखो लोक चालत येतात ते मुख्यतः त्यांच्या शिष्याच्या ओव्या म्हणत.

त्र्यंबकात पोचलो तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. एकादशीला पहाटे कुशावर्तावर गर्दी, नंतर समाधी मंदिराची रांग, हातात भगरीच्या आणि खिचडीच्या द्रोणांची ये-जा. नानांच्या खांद्यावर दुसऱ्याची पताका. आम्ही रांगेत अर्ध्यावर असताना ते पोरगं मागून लोकांची माफी मागत मागत आमच्यापर्यंत आलं. डोळे धुराने लाल, स्वेटरला जळक्या पालापाचोळ्याचा वास.

"बांधाकडच्या तीन ओळींना तडे गेले. बाकीची बाग राहिली."

नानांनी मान हलवली आणि पताका त्याच्या खांद्यावर दिली. बुवा मागे उभे होते. ते पुढे झाले, वाकून पोराच्या पाया पडले. तशी रीतच आहे, त्यात विशेष नाही. पण उठल्यावर त्यांनी त्याला विचारलं, "धूर खाली कोंडून राहतो कसा रे? वर उडून नाही का जात?" पोरगं उत्साहाने सांगायला लागलं, ओला पाला कसा टाकायचा, वाऱ्याची बाजू कशी बघायची. बुवा मान तिरकी करून ऐकत राहिले, पुढची माणसं दहा पावलं गेली तरी दोघे तिथेच.

"अहो, रांग सरकली," नाना म्हणाले. "चालता चालता बोला."